काळ्या धाग्याचं पान

काशीदादांच्या शर्टाच्या खिशात सुताच्या तीन-चार गुंड्या कायम असायच्या. लाल, हिरवी, पिवळी आणि एक काळी. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आमच्या ऑफिसात बटणं शिवायला येतो की काय. मी तेव्हा नवी नवी इंजिनियर होते, टेमघरहून स्कूटीवर यायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. यातली शेवटची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमची कंपनी म्हणजे भिवंडीबाहेर हायवेला लागून असलेली सहा गोदामं. लोकांचा माल येतो, राहतो, जातो. कुठला ट्रक कुठल्या गेटनं आत घ्यायचा, गेटावरचा बॅरियर कधी वर करायचा, कुठलं खोकं कुठल्या रॅकवर ठेवायचं, सगळं सर्व्हर ठरवतात. त्या सर्व्हरांचं नेटवर्क काशीदादांकडे होतं. काशिनाथ म्हात्रे, राहणार अकलोली, घरची थोडी भातशेती. तरुणपणी ते भिवंडीत लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मग केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग कॉम्प्युटरच्या, आणि त्या वायरींच्या मागोमाग जात जात सर्व्हरपर्यंत पोचले. कॉलेज नाही, सर्टिफिकेट नाही. लिनक्सच्या कमांड मात्र एका बोटानं अशा टाइप करायचे की माझी दहा बोटं मागे पडायची.

गुंड्यांचं काम असं होतं. सर्व्हर-रूममधल्या प्रत्येक वायरीला दादा धागा बांधायचे. बाहेरच्या जगाकडे जाते ती लाल, गोदामाच्या आत जाते ती हिरवी, बॅकअपची पिवळी. मी विचारलं, "दादा, लेबलं मिळतात ना छापलेली?"

"मिळतात की. सा महिन्यांत उडतात. सूत न्हाय उडत, बाय. आनि भिवंडीत सूत कमी हाय का?"

मला ते शेवटपर्यंत 'बाय'च म्हणाले. त्रिपाठीसाहेबांसमोरसुद्धा. त्रिपाठी आमचे मॅनेजर. त्यांच्या देखत कुणी मला 'मॅडम' म्हटलं की मला बरं वाटायचं आणि 'बाय' म्हटलं की कानात खडा गेल्यासारखं व्हायचं. तेव्हा.

दादा स्वभावानं गोड वगैरे अजिबात नव्हते. गोदामातून कुणी फोन करून म्हणालं, "नेट बंद आहे," की त्यांचं डोकं फिरायचं. "कुठनं कुठं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "बंद हाय म्हंजे काय? जातंय आनि येत न्हाय, का जातच न्हाय? कुठनं कुठं जायचंय तुला, ते तर सांग!" समोरचा बिचारा फोनच ठेवून द्यायचा. एकदा खुद्द त्रिपाठीसाहेबांनी विचारलं, "काशी, नेट क्यों नहीं चल रहा?" तर त्यांनाही तेच. "कहाँ से कहाँ तक, साब?" साहेब दोन मिनिटं विचार करत उभे राहिले. मला हसू आवरेना.

दुपारी ते भाकरी आणि सुकट खायचे. वासावरून एसी केबिनमधून तक्रार आली, तेव्हा डबा उचलून वजनकाट्याजवळच्या बदामाच्या झाडाखाली जाऊन बसले, ते मग रोजच. सर्व्हर-रूममध्ये जाताना चपला बाहेर काढायचे. पुढे सगळे सर्व्हर क्लाउडवर गेले, त्या खोलीत झाडू आणि पुठ्ठे ठेवायला लागले, तरी हे झाडू आणायला जातानाही चपला बाहेर काढायचे. मी चिडवलं, तर म्हणाले, "पायांना सवय हाय, मी काय करू?"

क्लाउडवर गेल्यावर वायरीच संपल्या. सर्व्हर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, स्क्रीनवर एक ओळ दिसते, तोच सर्व्हर. त्याला अजून एक नेटवर्क कार्ड हवं असेल तर एक बटण दाबायचं, कार्ड लागलं. पण गंमत अशी की क्लाउडनं कार्ड लावलं तरी आतल्या लिनक्सला त्याचा पत्ता नसतो. कार्डाला पत्ता द्यायचा, कुठला रस्ता कुठल्या कार्डावरून जातो ते सांगायचं, हे सगळं आत शिरून हातानं करावं लागायचं. ते दादा करायचे, एकेका सर्व्हरला, एका बोटानं.

ऑफिसात सगळ्यांना वाटलं, आता दादांच्या गुंड्या सुटल्या. दादांनी काय करावं? एक दोनशे पानी वही आणली. एका पानावर एक सर्व्हर. पानावर चौकोन काढायचा, त्याला जितकी कार्डं तितकी दारं काढायची आणि प्रत्येक दारावर धाग्याचा तुकडा डिंकानं चिकटवायचा. लाल, हिरवा, पिवळा. खाली दोन ओळी, आणि त्याखाली सह्या. ही त्यांची लूमवरची खोड. शिफ्ट बदलताना येणाऱ्या जॉबरला जाणारा जॉबर माग दाखवायचा आणि त्याची सही घ्यायचा, कारण सही नसली की सकाळी बिघडलेला माग कुणाचाच नसतो. तसं ते आम्हाला पान दाखवायचे. "बगितलंस? नीट बगितलंस? मग कर सही." मी जांभई देत सही करायचे. क्लाउडच्या जमान्यात हा माणूस डिंक घेऊन बसतो, हे मी मैत्रिणींना सांगून हसवत असे.

आणि शिकवलं मात्र त्यांनीच. सुरुवातीला एका सर्व्हरला मी दुसरं कार्ड लावलं. ऑफिसातून तो बोले, गोदामातून बोलेना. दोन दिवस मी डोकं आपटलं, क्लाउड कंपनीला शिव्या घातल्या. दादा येऊन बसले, स्क्रीनवर येणारं-जाणारं बघत राहिले आणि म्हणाले, "येतंय हिरव्या दारानं, उत्तर जातंय लाल दारानं. बाय, आमच्या घराला तीन दारं हायेत. पावना पुढच्या दारानं आला, चपला पुढं काढल्या. त्याला मी मागच्या दारानं घालवला तर? चपला पुढंच राह्यल्या ना! ज्या दारानं आला त्याच दारानं घालवायचा. मशीनला ते कळत न्हाय, त्याला एकच दार म्हाईत. आपन शिकवायचं."

हे सगळं पुस्तकात वीस पानं भरून दिलेलं आहे, मी परीक्षेत लिहूनही आले होते. कळलं ते त्या दिवशी, चपलांमुळे. प्रत्येक कार्डाला त्याचा त्याचा रस्त्यांचा तक्ता द्यायचा आणि नियम लिहायचा, की या पत्त्यावर आलेल्याचं उत्तर याच तक्त्यानं जाईल. मी आनंदानं टाळीच वाजवली. दादा खूश झाले, पण दाखवतील तर शपथ. घरी मात्र माझं कौतुक सांगत असत, हे मला फार उशिरा कळलं.

तर अशा माणसाकडून शिकून मी काय केलं, तर एक स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हर सुरू झाला की ती स्क्रिप्ट आपणहून क्लाउडला विचारणार, मला किती कार्डं लावली आहेत, त्यांचे पत्ते काय. उत्तर आलं की प्रत्येक कार्ड चालू करणार, प्रत्येकाचा तक्ता बनवणार, चपलांचा नियम लिहिणार. हात लावायला नको. दादांना एका सर्व्हरला अर्धा तास लागायचा, हिला चार सेकंद. स्क्रिप्ट चांगली होती, हे मी आजही म्हणेन. लिहिणारी चांगली नव्हती.

दादांना दाखवली. त्यांनी खुर्ची पुढे ओढून ओळ न् ओळ वाचली. चपलांचा नियम दिसला तेव्हा मिशीत हसले. मग विचारलं, "ही विचारते कुनाला?"

"क्लाउडला."

"क्लाउडला म्हाईत हाय दारं किती. कुठलं दार बंद ठेवायचं ते त्याला कुठं म्हाईत? ते वहीत हाय."

आणि त्यांनी वही उघडून गेटच्या सर्व्हरचं पान काढलं. तीन दारं. लाल, हिरवा, आणि तिसऱ्यावर काळा धागा. औषधांच्या एका गिऱ्हाईकासाठी ते तिसरं कार्ड दादांनी लावलं होतं. काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं. तोवर कार्ड काढून टाकलं असतं तर पत्ता गेला असता, आणि तो पत्ता गिऱ्हाईकानं त्यांच्याकडे नोंदवून ठेवला होता. म्हणून क्लाउडवर कार्ड लावलेलं, पण आत लिनक्समध्ये बंद. बंद का, तर त्या गिऱ्हाईकाच्या जाळ्यातले पत्ते आणि आमच्या गेटांवरच्या यंत्रांचे पत्ते नेमके सारखे निघाले. दोन चाळींत खोल्यांचे नंबर सारखे असावेत तसे. तिसरं दार उघडलं की सर्व्हरचा गोंधळ होणार, चार नंबरची खोली इथली की शेजारची. आमच्या बॅरियरला दिलेला 'उघड' हा हुकूम जाणार त्या दुसऱ्या चाळीत.

"काळा कशाला, दादा? नजर लागू नये म्हणून?" मी म्हटलं.

"हस तू. पन या मशीनला तुझी स्क्रिप्ट लावू नको. पयलं तिला काळा धागा शिकव, मग लाव. बगितलंस?"

"बघितलं."

"कर सही."

मी केली. निळ्या पेनानं, तारखेसकट.

शनिवारी सकाळी अकरा वाजता त्रिपाठीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मुख्य ऑफिसचे दोन जण आले होते. साहेब म्हणाले, "ज़रा इनको दिखाओ, वो तुम्हारा ऑटोमॅटिक वाला." मी लॅपटॉप उघडला. एक कार्ड असलेला सर्व्हर दाखवण्यात काय मजा? दोन कार्डांचे होते, पण तेही साधेच. तीन कार्डं फक्त गेटच्या सर्व्हरला होती.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की मी विसरले. आईला, मैत्रिणींना, स्वतःला. इतक्यांदा सांगितलं की तेच खरं वाटायला लागलं होतं. लाज वाटते सांगायला, पण इथे लिहून टाकते. मी विसरले नव्हते. गेटच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट टाकली, तो रीस्टार्ट करायची कमांड टाइप केली, एंटरवर बोट ठेवलं, आणि मला ते पान दिसलं, डिंकानं थोडं फुगलेलं, काळ्या धाग्याचं. आणि मला वाटलं, म्हाताऱ्याची खोड. चार सेकंदांचा तर प्रश्न आहे, काही झालंच तर बंद करू. आणि मी एंटर दाबलं.

चार सेकंदांत तिन्ही कार्डं चालू झाली. पाहुण्यांनी वा वा केलं. पाच मिनिटांत गेटावरून पहिला फोन आला, मग दुसरा, मग थांबेचनात. सहाही गेटांचे बॅरियर खाली. आत यायचे ट्रक हायवेपर्यंत, बाहेर जायचे ट्रक आत अडकलेले, आणि मधल्या रस्त्यावर ड्रायव्हरांचे हॉर्न. मी तिसरं कार्ड बंद करायला गेले, तर घाईत भलतंच कार्ड बंद केलं, हिरवं. मग तर सर्व्हरशी बोलणंच तुटलं.

दादा त्या दिवशी सहा नंबरच्या गोदामात होते. ट्रकांच्या फटींतून चालत आले, घामानं शर्ट भिजलेला. क्लाउडच्या स्क्रीनवरून सर्व्हरच्या आत शिरायची मागची वाट त्यांना माहीत होती, त्या वाटेनं गेले, हिरवं चालू केलं, काळं बंद केलं. एका बोटानं. बाहेर बॅरियर वर जाण्याचा आवाज आला. मग रुमालानं तोंड पुसून एवढंच म्हणाले, "पानी पी, बाय. थरथरतेस."

सोमवारी मीटिंग झाली. मुख्य ऑफिसचे ते दोघं, साहेब, दादा आणि मी. दादा सगळ्यात टोकाच्या खुर्चीवर, मांडीवर वही. साहेब भडकले होते, कारण पाहुण्यांसमोर त्यांची फजिती झाली होती. त्यांनी प्रश्न विचारला तो असा: "वो तीसरा कार्ड वहाँ लगा के किसने रखा था?"

नीट बघा हं. स्क्रिप्ट कुणी चालवली, असं त्यांनी विचारलं नाही. ते त्यांच्याच सांगण्यावरून झालं होतं, मग कसं विचारतील? त्यांनी कार्डाचं विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "काशीदादाने."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. कार्ड दादांनीच लावलं होतं. मी पुढचं बोलले नाही, एवढंच. बंद ठेवलं होतं हे बोलले नाही, मला बजावलं होतं हे बोलले नाही, वहीत माझी सही आहे हे बोलले नाही. खोटं बोलले असते तर निदान पकडली तरी गेले असते. मी खरं बोलून सुटले.

दादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. स्क्रीनवर येणारं-जाणारं बघायचे ना, तसं, कुठनं कुठं चाललंय ते समजून घेत असल्यासारखं. त्यांचा अंगठा वहीच्या कडेवर होता. पान उघडायला अर्धा सेकंदही लागला नसता. माझ्या मनात एकच धावा चालला होता, उघडू नका, दादा, उघडू नका. माझी नोकरी जाईल, बाबा शाळेत मास्तर, आख्ख्या टेमघरात त्यांनी पेढे वाटलेत.

"हां साब," दादा म्हणाले, "कार्ड मैंनेच लगाया था."

वही मांडीवरच राहिली.

दादांचं काँट्रॅक्ट वर्षावर्षाला नवं व्हायचं. त्या महिन्यात ते झालं नाही. नोकरी गेली ती गेलीच, पण नाव गेलं, ते जास्त. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या गोदामांतून पूर्वी त्यांना फोन यायचे, काशीभाई, जरा येऊन बघा. ते थांबले. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, "काशीनं सहा गेटं बंद पाडली, वय झालं आता." मी तिथे चहा पीत होते. पूर्ण प्यायले, आणि निघाले.

शेवटच्या दिवशी दादांनी गुंड्या खिशातच ठेवल्या आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुला लागंल." बस्स. ते गेल्यावर मी घाईघाईनं ते पान बघितलं. मला वाटलं होतं फाडलं असेल, किंवा कुणाला दाखवण्यासाठी फोटो तरी काढून घेतला असेल. पान जागच्या जागी होतं, धागा, दोन ओळी आणि माझी निळी सही. दाखवायचं की नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. मी वही खालच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

मग मी स्क्रिप्ट सुधारली. बंद ठेवायच्या कार्डांची एक यादी तयार केली, स्क्रिप्ट आधी ती यादी वाचते आणि त्यातल्या कार्डांना हात लावत नाही. त्रिपाठीसाहेब म्हणाले, "बहुत बढ़िया सोचा है." मी थँक यू म्हटलं. माझ्यासारख्या माणसाला काय म्हणावं? मला शब्द सापडत नाही, आणि सापडतो तो लिहिण्यासारखा नाही.

डिसेंबरात एका रविवारी मी अकलोलीला गेले. ठरवून गेले. सगळं सांगायचं, पाया पडायचं, सोमवारी वही घेऊन साहेबांकडे जायचं. भिवंडीहून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या एसटीत बसून मी वाक्यं पाठ करत होते.

घर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या दारात चपला काढल्या. दादा मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. अंगात बनियन, खिसा नाही म्हणून गुंड्या नाहीत. मला बघून शेंगांचं सूप सरकवलं. "ये बाय. बस. सोल." मीही सोलायला लागले. भात कापून झालेला, मागे नुसते खुंट, त्यातून बांध सरळ सडकेपर्यंत गेलेला. सडकेवर एसटी थांबते, ते बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी म्हटलं, "दादा, तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल की."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. हसऱ्या, कपाळाला मोठं कुंकू. कप माझ्या हातात दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुमीच ना त्या! आवो, हे रोज नाव काढतात. यांच्या हातनं एवढी मोठी चूक झाली, समदे यांच्यावर धावून आले, आनि तुमी एकट्या सायबासमोर यांच्या बाजूनं बोललात. पोटची पोर करनार न्हाय तेवढं केलंत तुमी."

मी दादांकडे बघितलं. ते शेंगेची दोरी काढत होते. वर बघेनात.

त्या क्षणी बोलायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं, 'वहिनी, नाही हो.' एक घोट घेऊन मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "येते मी, एसटी चुकेल," आणि वहिनी आत जेवणाचं बघायला वळल्या तशी उठून मागच्या पायरीवरून सरळ बांधावर उतरले. पुढच्या दारानं गेले असते तर वहिनींच्या समोरून जावं लागलं असतं. पाच-पन्नास पावलं गेल्यावर पायाला खुंट टोचला तेव्हा कळलं, मी अनवाणी आहे.

परत फिरायची हिंमत नव्हती. तशीच चालत राहिले.

"बाय! ए बाय! थांब!"

वळून बघितलं. बांधावरून दादा येत होते. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात माझ्या चपला. माझ्या बापाहून मोठा माणूस माझ्या चपला हातात घेऊन, पडू नये म्हणून तोल सांभाळत, बांधावरून येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत गेले, "दादा, काय हे, द्या इकडे," पण त्यांनी दिल्या नाहीत. वाकून माझ्या पायांजवळ ठेवल्या.

"पुढच्या दारानं आलीस ना," ते म्हणाले.

मी रडायला लागले. "दादा, वहिनींना तुम्ही असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? दोन वर्सं घरात रोज तुझं गुनगान. पोरगी लय हुशार, पोरगी लय गुनाची. आता कुठल्या तोंडानं सांगू? माझंच नाक कापलं जाईल." थोडे चिडलेलेच होते. ते चिडले म्हणून मला उलट जरा बरं वाटलं.

"दादा, मी विसरले नव्हते त्या दिवशी."

"म्हाईत हाय."

"मला माफ करा. मी सगळ्यांना सांगेन."

"मला सांगून काय? मला म्हाईतच हाय." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि मान मागे, घराकडे वळवली. "तिला म्हाईत न्हाय. तिला वाटतंय नवऱ्यानं चूक केली. सांगायचं असंल तर आत्ता चल. चहा बी राह्यलाय तुझा."

सडकेवर वळणापाशी एसटी दिसली. दादांनीही बघितली. मी चपला घातल्या. एकदा घराकडे बघितलं, पडवीत वहिनी डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत उभ्या होत्या. मग एसटीकडे बघितलं.

कंडक्टरनं दार उघडलं तेव्हा मला धाप लागली होती. खिडकीतून मागे बघितलं. दादा अजून बांधावरच होते. वहिनींनी लांबून हात हलवला, तेव्हा दादांनीही हलवला. मग खाली बघत, मी तुडवलेला बांध पायानं दाबत दाबत ते घराकडे गेले.

त्या शेंगांचं बिरडं आईनं दुसऱ्या दिवशी केलं. बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, कुणी दिले गं इतके चांगले वाल? मी म्हटलं, ऑफिसातल्या एकांनी.